सगळ्या बसल्यावर लावायची पट्टी

राजारामभाऊ मेश्राम ऑफिसात इतके शांत की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ते रजेवर आहेत की हजर, हे डबा उघडल्यावर कळायचं. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातले सेक्शन ऑफिसर. पण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये शिरून चपला काढल्या की हा माणूस बदलायचा. बाल्कनीत सोल्डरिंग आयर्न तापायचं, जुन्या रेडिओंचे सांगाडे हलायचे आणि आतून चंदाताई म्हणायच्या, "कपडे वाळायला जागा ठेवा म्हणजे झालं."

असा माणूस भर समारंभात चार शब्द बोलतो तेव्हा फसतो, तसे ते फसले होते. चंदाताईंचा चौघींचा गट गेली कित्येक वर्षं भीमजयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला गातो. गाणी चंदाताईंच्या आईची, वर्ध्याकडची, कुठं छापलेली नाहीत. त्या चौघींतल्या सरलाताईंचे मिस्टर रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, सामान नागपूरला निघालं. निरोपाच्या चहाला कुणीतरी फोनवर गाणं रेकॉर्ड केलं, तर चौघींचा मिळून एकच पातळ आवाज आला, पाणी घातलेल्या वरणासारखा. सरलाताईंचं तोंड उतरलं. राजारामभाऊंना ते बघवलं नाही आणि ते उठून म्हणाले, "मी व्हॉल्व्हचा माइक बनवतो. तुम्ही जायच्या आधी सगळी गाणी नीट घेऊन ठेवू."

टाळ्या पडल्या. चंदाताईंनी मात्र डोळे मिटून घेतले, कारण बाल्कनी त्यांची होती.

माइक झालाही. पितळी नळीत जुन्या रेडिओतला काचेचा व्हॉल्व्ह बसला. करोल बागेतल्या ओळखीच्या कारागिराकडून तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर करून आणला आणि त्याचा एक डबा तयार केला. या डब्यातून माइकला दोन प्रकारची वीज जायची: व्हॉल्व्हमधली तार तापवायला सहा पॉइंट तीन व्होल्ट आणि आवाज उचलायला एकशेवीस. मीटर लावला, आकडे अगदी बरोबर. माइक जोडला, हेडफोन घातला, चंदाताईंना म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

हेडफोनमध्ये घसा बसलेला एक माणूस दूरच्या खोलीतून 'काय बोलू' म्हणाला.

मग राजारामभाऊंनी व्हॉल्व्ह बदलला. केबल बदलली. सोल्डरचे सगळे टाके पुन्हा मारले. दरवेळी माइकची केबल काढायची, डब्याच्या सॉकेटमध्ये मीटरच्या सुया घालायच्या, आणि दरवेळी तेच: सहा पॉइंट तीन, एकशेवीस. माइक जोडला की तोच बसलेला घसा. झाकण उघडून, माइक चालू ठेवून आत मोजायचं त्यांच्या मनातही येत नव्हतं, कारण घरात कायदा होता. मागं एकदा एका ॲम्प्लिफायरनं त्यांना असा झटका दिला होता की ते बाल्कनीतून थेट पलंगावर येऊन बसले, आणि तेव्हापासून चंदाताईंनी फर्मान काढलं होतं: भिंतीतला प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. राजारामभाऊ नियमाचे पक्के. सरकारी नियमाला एकवेळ खुलासा मागता येतो, चंदाताईंच्या नियमाला येत नव्हता.

रविवार उजाडला. मंगळवारी सरलाताईंची गाडी. चौघी सकाळीच जमायच्या होत्या, एक तर खास पानिपतहून येणार होती. राजारामभाऊंचा चहा गार होत होता. आता सगळ्यांसमोर काय तोंड दाखवायचं, या विचारानं त्यांना खरंच रडू यायला लागलं होतं.

आत चंदाताई पेटी काढून बसल्या. एकट्याच होत्या, गळा मोकळा होता, काळी पाचच्या उंच पट्टीत सूर लावला. छान लागला. तेवढ्यात सरलाताई आल्या, "जय भीम" म्हणत शेजारी बसल्या आणि ऐकून हसल्या.

"बिल्कुल नाही, चंदा. तिथवर माझा गळा नाही जात यार. वरच्या ओळीला मी मरेन."

"अगं, आत्ता तर किती छान लागत होता."

"एकटीला लागणारच. सगळ्या बसल्यावर पट्टी लावायची, हे तूच शिकवलंस ना आम्हाला?"

चंदाताईंनी पट्टी काळी चारवर आणली.

बाल्कनीत राजारामभाऊंच्या हातातला मीटर तसाच राहिला. आपण इतके दिवस डब्याची पट्टी एकट्यानं लावत होतो! माइक काढून मोजायचं, आकडा बरोबर आला की खूश व्हायचं. पण माइक बसल्यावर डब्याची काय गत होते, हे कुणी पाहिलं होतं?

ते आत आले. "चंदा, एक परवानगी हवी होती. झाकण उघडून, चालू ठेवून मोजायचंय. एकदाच."

चंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सरलाताईंकडे पाहिलं. "रबरी चपला घाला," त्या म्हणाल्या. "एक हात खिशात. आणि बटणावर माझा हात राहील."

बाल्कनीत असा सोहळा झाला की समोरच्या क्वार्टरमधली माणसं गॅलरीत आली. चंदाताई बटणाला हात लावून पहाऱ्यावर, राजारामभाऊ एक हात खिशात घालून वाकलेले, सरलाताई श्वास रोखून. मीटरनं सांगितलं: सहा पॉइंट तीनचे झाले होते चार पॉइंट नऊ, आणि एकशेवीसचे नव्वदसुद्धा नव्हते. माइक बसला की डबा दमत होता. रिकाम्या डब्यावर आकडा बरोबर यावा म्हणून राजारामभाऊंनीच आत वीज अडवणारे नको इतके मोठे रेझिस्टर घातले होते.

"सापडलं," ते म्हणाले, आणि आनंदानं खिशातला हात बाहेर काढला.

"हात!" चंदाताईंनी बटण बंद केलं.

लहान रेझिस्टर बसले. आता रिकाम्या डब्यावर आकडा जास्त दिसायचा, पण माइक जोडला की नेमका ठिकाणावर यायचा. दुपारपर्यंत चौघी गायल्या, मधे पोहे झाले, पुन्हा गायल्या.

मग राजारामभाऊंनी स्पीकरवर लावलं. चार गळे चार ठिकाणांहून आले, प्रत्येकीचा श्वाससुद्धा वेगळा. सरलाताई पुढं सरकून ऐकत होत्या.

"तो खालचा आवाज कुणाचा? तो जाडसर?"

"तुझाच की."

"अच्छा? मला वाटायचं मी मागंच असते. ऐकूही जात नसेन."

"मागं कसली," चंदाताई म्हणाल्या. "आम्ही तिघी तुझ्यावर टेकून तर गातो."

सरलाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तशाच हसत म्हणाल्या, "परत लावा भाऊ." भाऊंनी परत लावलं, आणि परत, पानिपतच्या गाडीची वेळ होईपर्यंत.

पुढच्या रविवारी राजारामभाऊ चहा घेऊन आत आले तर चंदाताई पेटीशी बसलेल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांचं बोट सवयीनं काळी पाचवर गेलं, क्षणभर थांबलं आणि काळी चारवर आलं.

"अहो, ते रेकॉर्डिंग लावा," त्या म्हणाल्या. "सगळ्या बसल्यात."