सुलेखाताईंची साक्ष

तोक्योतल्या ओजिमाच्या त्या चौदा मजली सरकारी वसाहतीत सुलेखाताईंना न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. बावीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन. नवरा चारुदत्त, एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. त्यांच्या तोंडून दिवसाला दहा वाक्यं बाहेर पडली तर पुष्कळ. ती कसर ताई भरून काढतात. कुणाची सून माहेरी गेली, कुणी प्लास्टिकच्या कचऱ्यात काच टाकली, सगळी खबर त्यांना. नाक खुपसतात म्हणा हवं तर, पण कुणाला ताप आला की मऊ भात घेऊन पहिलं दार वाजवणाऱ्याही त्याच.

अशा बोलघेवड्या बाईच्या तोंडाला नेमकं नको तिथे कुलूप लागलं, त्याची ही गोष्ट.

शेजारी ओकुदा-सान राहतात; सान म्हणजे आपल्याकडचं 'राव'. वय अठ्ठ्याहत्तर. डोंगराकडच्या एका प्रांताच्या विधानसभेत वीस वर्षं निवडून गेलेला माणूस, पण ऐट म्हणाल तर औषधालाही नाही. बायकोच्या उपचारांसाठी दोघं तोक्योत आली आणि मागच्या वर्षी बायको वारली. तिकडे रानडुकरं शेतं उद्ध्वस्त करतात, म्हणून तरुणपणापासून त्यांच्याकडे परवान्याची शिकारी बंदूक. इथेही ती लोखंडी कपाटात कुलूपबंद असायची. दर तीन वर्षांनी परवाना नव्याने घ्यायचा, आणि त्याआधी पोलीस शेजाऱ्यांकडे चौकशी करून जायचे, माणूस ठीक आहे ना म्हणून.

यंदा असाच एक तरुण पोलीस ताईंच्या दारात येऊन उभा राहिला. अगदी कमरेत वाकून नमस्कार केला. म्हणाला, "ओकुदा-सान फार पितात का? कुणाशी भांडण? अलीकडे वागण्यात काही बदल?"

ताईंना सगळं ठाऊक होतं. पहाटे भिंतीपलीकडून त्यांचं रडणं ऐकू यायचं. चारच दिवसांपूर्वी त्यांनी उमेबोशीची, म्हणजे इथल्या त्या आंबट खारवलेल्या फळांची, बरणी आणून दिली होती. बायकोच्या हातची शेवटची. "मला आता लागणार नाही," म्हणाले होते. अहो, गेलेल्या बायकोच्या हातचं शेवटचं लोणचं कुणी असं देऊन टाकतं का?

पण समोर पोलिसाची टोपी! डोंबिवलीला वडिलांनी लहानपणापासून बजावलेलं, पोलीस काहीही विचारो, माणूस चांगला आहे म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. शेजाऱ्याची चहाडी का करायची? ताई म्हणाल्या, "देवमाणूस आहेत. बदल वगैरे काही नाही." पोलिसाने ते लिहून घेतलं, पुन्हा वाकला आणि गेला.

जेवताना त्यांनी हे मोठ्या फुशारकीने नवऱ्याला सांगितलं. चारुदत्तांनी घास खाली ठेवला. "आणि ती बरणी?" एवढंच म्हणाले. तेव्हा कुठे ताईंना कळलं, आपण काय झाकून ठेवलंय.

सकाळ होते न होते तोच त्या शेजारच्या दारात. ओकुदा-सानांनी चहा ओतला. ताईंनी पेल्याला हातसुद्धा लावला नाही.

"मी पोलिसांना खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठीक आहात म्हणून."

म्हाताऱ्याने किटली खाली ठेवली. मग म्हणाला, "आमच्या गावात एक शिकारी होता. मुलगा वारल्यावर बोलेनासा झाला. पोलीस मला विचारायला आले. मी म्हणालो, भला माणूस आहे. त्याच हिवाळ्यात त्याने स्वतःवर गोळी झाडली. म्हणून तर मी निवडणुकीला उभा राहिलो, सुलेखा-सान. वीस वर्षं एकच रडगाणं गायलो. शेजाऱ्यांना दारात उभं राहून विचारू नका, बसून विचारा, वेळ द्या. सभागृहात मला हसायचे. ओकुदा उठला की आता शेजारी येणार, म्हणायचे."

"आणि आता तुम्हीच?" ताई भडकल्याच. "लाज नाही वाटत? ते लोणचं माझ्या घशाखाली उतरलं असतं का?" आणि बोलता बोलता त्यांना रडूच फुटलं. रागावल्या होत्या खऱ्या, पण त्या माणसावर त्यांचा बापासारखा जीव होता.

"मी काही ठरवलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "पण कपाटाची किल्ली हल्ली खिशात घेऊनच झोपतो."

"फोन करा पोलिसांना. बंदूक जमा करायचीय म्हणा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी मुकाट्याने फोन केला.

गुरुवारी दोघं पोलीस ठाण्यात गेली. ओकुदा-सानांच्या खांद्याला गवसणीत घातलेली बंदूक, ताईंच्या हातात कागद. तोच तरुण पोलीस समोर होता. बंदूक कायमची जमा करण्याच्या अर्जावर कारणाच्या जागी ओकुदा-सानांनी लिहिलं, 'वय झालं.' पोलीस शिक्का मारणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "थांबा. मला माझा जबाब बदलायचाय."

पोलिसाने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा ओकुदा-सानांकडे, आणि दोन खुर्च्या पुढे ओढल्या. ताईंनी सगळं सांगितलं. पहाटेचं रडणं, बरणी, खिशातली किल्ली. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायचं काही त्यांना धाडस होईना. हा माणूस आता जन्मात आपल्याशी बोलणार नाही, असंच त्यांना वाटत होतं.

बोलणं संपलं. ओकुदा-सानांनी अर्ज आपल्याकडे ओढून घेतला. 'वय झालं' वर शांतपणे रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'शेजारीण सांगते ते खरं आहे.'