दान्ता ओढ्यातले म्हातारबा

२८ ऑक्टोबर २०१४, मंगळवार. सकाळी धुकं, दहानंतर ऊन. अंगणात कोकोच्या बिया वाळताहेत, दुसरा दिवस. डावा गुडघा दुखतो. दुपारी ग्रेसिएला चिखलाने माखून आली. दान्ता ओढ्याच्या वरच्या डोहात तिला म्हातारबांची जोडी दिसली, आणि दगडांना चिकटलेली पिल्लं. त्रेचाळीस मोजली. पोरगी रडत होती. तिला कॉफी आणि केळ्याचा गोळा दिला.

एवढं लिहून दोमितिलाने वही मिटली. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळेतल्या ननबाईंनी सांगितलं होतं, रोज लिही, थोडं लिही आणि खोटं लिहू नकोस. तेव्हापासून साठ वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता. लग्नाच्या दिवशी लिहिलं होतं, आणि सहा वर्षांपूर्वी नवरा एलियोदोरो गेला त्या दिवशीही.

म्हातारबा म्हणजे ओढ्याकाठचा एक बेडूक. बोटाएवढा, पिवळट हिरवा, अंगावर काळे ठिपके. बाकीचे बेडूक उड्या मारतात, हा मात्र एकेक पाय उचलून विचार करत चालतो, म्हणून गावाने त्याला हे नाव दिलं. दोमितिला नवी नवरी होती तेव्हा पायवाटेवर इतके असत, की पाय टाकायला जागा शोधावी लागे. आता गावातल्या तरण्या पोरांनी तो पाहिलेलासुद्धा नव्हता. गुआयाकिल शहरातून बेडकांचा अभ्यास करायला आलेली ग्रेसिएला मात्र त्याच्याचसाठी दोन महिने दोमितिलाच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिली होती.

"आजी, शनिवारी ओढ्यात मुळी टाकणार ना?" तिने विचारलं.

"दर वर्षी टाकतात."

"या वर्षी टाकू देऊ नका. एक वर्ष तरी. जगात आणखी कुठे ते उरलेत की नाही, मला माहीत नाही."

दोन नोव्हेंबरला गावात घरोघर मेलेल्यांचं टेबल मांडतात. जो जे आवडीने खायचा, ते त्याच्यासाठी वाढायचं. त्याने येऊन वास घेतला, की उरलेलं घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी खायचं. गावातल्या म्हाताऱ्यांनी ही रीत समुद्रकाठच्या कोरड्या मुलखातून आणली. तिकडे टेबलावर समुद्राचा मासा असे. इथे डोंगराच्या पायथ्याशी तो कुठून यायचा? म्हणून आदल्या दिवशी सगळे दान्ता ओढ्यावर जातात, बार्बास्कोची मुळी ठेचून पाण्यात सोडतात. पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि अर्ध्या तासात मासे उलटे होऊन वर येतात. ही युक्ती एलियोदोरोची, असं गाव मानतं. मासे वाटताना कोणी ना कोणी म्हणतंच, "देव एलियोदोरोचं भलं करो."

बुधवारी सकाळी ग्रेसिएला ओढ्यावर गेल्यावर दोमितिलाने पलंगाखालचे पत्र्याचे डबे ओढून काढले. गावात शेवटचा म्हातारबा कधी दिसला ते साल ग्रेसिएलाला सांगावं, एवढाच तिचा विचार होता. वह्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. शोधता शोधता ती १९७६ च्या वहीत पोचली.

"१ नोव्हेंबर. रस्ता खचला, बाजारातून मासा आला नाही. एलियोदोरो म्हणाला, राहू दे, आईला भात चालेल. मी म्हटलं, सासूबाईंचं टेबल माशाशिवाय मांडलं तर लोक मलाच नावं ठेवतील. मुळी मीच ठेचली, माझ्याच उखळात. दान्तातून टोपलीभर मासे. सगळे खूष."

तिने मागची पानं उलटली, मग पुढच्या सालांच्या वह्या काढल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, "परसात म्हातारबा अकरा, केरसुणीने बाजूला केले." पुढच्या वर्षी सहा. मग तीन. १९८८ च्या सप्टेंबरात, "धुण्याच्या दगडावर एक म्हातारबा, बऱ्याच दिवसांनी." त्यानंतर नाव नाही. मासे मात्र दर नोव्हेंबरात, टोपल्या मोजून. दोन्ही गोष्टी एकाच अक्षरात, एकाच शाईत, कधी कधी समोरासमोरच्या पानांवर होत्या. तिने सगळं लिहिलं होतं. वाचलं आज पहिल्यांदा.

संध्याकाळी तिने ग्रेसिएलाला आडून विचारलं, "मुळीने पिल्लं मरतात?"

"मरतात. पण एकट्या मुळीचा दोष नाही आजी, जंगल तोडलं, रोगही आला."

"पण मुळीपण होती."

"हो. मुळीपण होती."

गुरुवारी जपमाळेची प्रार्थना संपल्यावर लोक शाळेच्या अंगणात थांबले. ग्रेसिएला उभी राहून बोलली. बोलली चांगलं, पण शहरातलं बोलली. तिमोतेओला, म्हणजे एलियोदोरोच्या पुतण्याला, हसू आवरेना. मुळी आणायचं काम त्याच्याकडे असे.

"म्हणजे बाई, बेडकांना जेवायला घालायचं आणि आमच्या बापाला उपाशी परत पाठवायचं?"

"तुझा बाप जिवंतपणी कधी उपाशी राहिला होता का रे?" मागून कोणी बाई म्हणाली. सगळे हसले.

"म्हणून तर! सवय नाही त्याला. मग तो रात्रभर माझ्याच उशाशी बसेल."

ग्रेसिएला लाल झाली. "एकच वर्ष, तिमोतेओ."

"काकूंना विचारा ना. गावात लिहिणारं माणूस तेच. काका काय म्हणाले असते, काकू?"

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. १९७६ ची वही घरी पलंगावर उघडीच होती. एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या तोंडाशी आलंही. पण अठ्ठेचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी जेवली, त्याच्या नावाने लोक वर्षातून एकदा आशीर्वाद देतात, आणि तोही खरा तिच्या हट्टाचा, हे या अंगणात कसं सांगायचं? शिवाय एलियोदोरोला ते मासे खरंच आवडू लागले होते. काटे ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवायचा. त्याचं टेबल रिकामं ठेवायचं?

"मला बाई काय कळतं," ती म्हणाली. "चालत आलंय ते चालू द्या."

ग्रेसिएलाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

शुक्रवारी दोमितिलाने घर झाडलं, टेबलावरची चादर इस्त्री केली. दोनदा तिमोतेओच्या घराच्या दिशेने निघाली आणि दोनदा फाटकापासून परत फिरली. शनिवारी सकाळी कॉफी गाळताना तिचा हात थांबला. १९७६ च्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने पुढच्या वह्यांतले आकडे उतरवले आणि ती वही छातीशी धरून, काठी घेऊन निघाली. चढाची वाट तरण्या माणसाला वीस मिनिटांची, तिला तासभर लागला. अर्ध्या वाटेवरच दगडावर मुळी ठेचल्याचे आवाज थांबल्याचं तिला कळलं. म्हणजे ठेचून झाली होती.

डोह पांढरा झाला होता. बायका पाण्यात उतरून मासे टोपलीत टाकत होत्या. पलीकडे ग्रेसिएला गुडघ्यावर बसून, स्वच्छ पाण्याची बादली शेजारी ठेवून, दगडांवरून काहीतरी नखाने सोडवत होती. कोणी तिला अडवत नव्हतं, कोणी मदतही करत नव्हतं.

"काकू! तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" तिमोतेओ धावला. "तुमचा वाटा मी आणणारच होतो."

तिने वही उघडली आणि उभ्या उभ्या वाचली. सासूबाईंचं टेबल, उखळ, टोपली. मग अकरा, सहा, तीन, एक. आवाज कापला नाही. ननबाईंनी वाचायला तसंच शिकवलं होतं.

तिमोतेओ ऐकत राहिला. त्याच्या हातातली टोपली गळत होती.

"हे तुम्ही आज सांगता, काकू? परवा मी तुम्हालाच विचारलं होतं. सगळ्यांसमोर."

"हो."

"परवा सांगितलं असतंत, तर मी मुळी खणलीच नसती. काकांची शपथ."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो रडवेला झाला होता. मग काय करावं ते न सुचून त्याने केळीच्या पानात मासे बांधले आणि तिच्या हातात दिले. मेलेल्याचा वाटा नाकारत नाहीत. तिने घेतला.

मोठी जोडी कुणालाच दिसली नाही. ग्रेसिएलाने दुपारी बादली टेम्पोत चढवली आणि ती शहराकडे गेली. निघताना तिने दोमितिलाला मिठी मारली, पण "आजी" म्हणाली नाही.

त्या संध्याकाळी वहीत नोंद झाली.

१ नोव्हेंबर, शनिवार. ऊन. पिल्लांपैकी जिवंत चार, तीही दमलेली. गुरुवारी मी खोटं बोलले. मासे चौदा, साफ करून मीठ लावून ठेवले. तेल पाव बाटली उरलं आहे.