खडखडणारी पेटी

तिला सगळे पेटीवाली म्हणायचे, आणि त्यात टिंगल कमी, आदर जास्त होता. रेडिओच्या कारखान्यात सोळा वर्षं सोल्डरिंग केलेली बाई ती. कारखाना बंद पडला तशी घरीच पेट्या बनवू लागली. टाकी भरली की वाजणारी पेटी, फुलवालीचा पंखा ठरल्या वेळी बंद करणारी पेटी. प्रत्येकीच्या पोटात बोटभर लांबीचा एक कंट्रोलर बोर्ड. असल्या चिमुकल्या बोर्डांना स्क्रूसाठी भोकंसुद्धा नसतात, म्हणून ती ग्लू गनने गरम गोंदाचे चार थेंब टाकायची, त्यावर बोर्ड दाबायची, की झालं काम.

तिचा नवरा सुतार. त्याला हे जन्मात पटलं नाही. "गोंद म्हणजे पाहुणा," तो म्हणायचा, "कधी उठून जाईल, सांगता येत नाही." ती म्हणायची, "तुम्ही तुमचे खिळे ठोका, माझ्या पेटीत डोकं घालू नका." कित्येक वर्षं हे भांडण चाललं होतं आणि ते संपावं असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. मग त्याचं विसरणं सुरू झालं. भांडण आपसूक संपलं, आणि जिंकून तिला काडीचाही आनंद झाला नाही.

आधी तो किल्ल्या विसरला, मग शेजाऱ्यांची नावं, मग घरचा रस्ता. दोनदा हरवला. दुसऱ्यांदा सापडला तेव्हा नणंदेने एक भलंमोठं कुलूप आणून दिलं. बाजारात जाताना पेटीवालीने ते बाहेरून लावलं, फक्त एकदाच. तासाभराने परत आली तर दाराच्या आतून आवाज येत होता. जिन्यावरून जो कोणी जाईल त्याला तो विचारत होता, "अहो, माझं काय चुकलं? सांगा तरी." दार उघडलं तेव्हा त्याचे दोन्ही हात कडीवर होते आणि बोटं सोलवटली होती.

"कुलूप पुन्हा नाही, वन्सं," तिने नणंदेला सांगितलं.

"आणि पुन्हा हरवला तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

शब्द देऊन बसली खरी. मग तिने रात्रंदिवस दुसरं काही केलं नाही, दारासाठी पेटी बनवली. दार उघडलं की वाजणार. भिंत काँक्रीटची, तिच्या ड्रिलला दाद देईना, म्हणून पेटी तिने दाराच्या फळीवरच बसवली, आणि समोर चौकटीवर चुंबक; दोघांत अंतर पडलं की पेटी बोलणार. आत बोर्ड नेहमीसारखाच, गोंदाच्या चार थेंबांवर. ज्या दारावर नवऱ्याचं स्वातंत्र्य टांगलं होतं, त्या दारावर बाईने गोंद लावला! सवय माणसाला आंधळं करते ती अशी. त्या फळीवर दुपारभर ऊन यायचं, आणि तो दिवसातून दहा वेळा दार धाडकन आपटायचा.

दोन महिने पेटी इमानाने वाजली. त्यानंतर एक दिवस तो दाराला कान लावून म्हणाला, "पेटी खडखडतेय."

"हो, हो, बघते," ती म्हणाली.

तिचं तरी काय चुकलं? तो हल्ली सगळंच हलवून बघायचा. नळ खडखडतो, स्टूल खडखडतं, एकदा तर नणंदेची पर्स कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, हिचे सांधे सुटलेत. तीन दिवस तो पेटीचं म्हणत राहिला, तीन दिवस ती "बघते, बघते" करत राहिली. रोज सकाळी दार उघडून ती पेटी वाजवून बघायची. चौथ्या सकाळीही वाजली. त्या दिवशी दुपारी ती आतल्या खोलीत टाकीच्या पेटीला सोल्डर लावत बसली, वाजेल की म्हणून निर्धास्त. उठून बाहेर आली तेव्हा दार सताड उघडं होतं, खोली रिकामी होती आणि पेटी मुकी होती.

ती अनवाणीच जिना उतरली. शिंप्याला विचारलं, फुलवालीला विचारलं, बसथांब्यावरच्या एकेका माणसाचा चेहरा बघितला. रेल्वे फाटकापर्यंत पळाली. फाटक बंद होतं, गाडी जात होती, आणि गाडी जाईपर्यंत पलीकडच्या रुळांकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. रुळांवर कोणी नव्हतं. तिथेच खांबाला धरून ती हमसून हमसून रडली आणि मनातल्या मनात त्या चार थेंबांना शिव्या घालत राहिली.

परत आली तर नणंद घरात. शिंप्याने फोन केला होता. टेबलावर कुलूप काढून ठेवलेलं. ती रागावलेली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "आता माझं ऐक. गाडीखाली गेलेला बघण्यापेक्षा कोंडलेला बघू."

पेटीवालीने पेटीचं झाकण काढलं. बोर्ड सुटून तळाशी पडला होता. गोंदाचे थेंब गुळगुळीत प्लॅस्टिकवरून अख्खेच्या अख्खे निघाले होते. दार आपटेल तसा बोर्ड तारांवर लोंबकळून हिंदकळत राहिला, आणि शेवटी बॅटरीची तार तुटली. तिने पेटी हलवली. खड, खड.

तो बरोबर सांगत होता. तीन दिवस घसा फोडून सांगत होता.

तेव्हा कुठे तिचं लक्ष स्टुलाकडे गेलं. त्याचा स्क्रूंचा डबा तिथे उपडा केलेला होता. सगळे मोठे, दारं-खिडक्यांचे. या पेटीला बारीक लागतात. "वन्सं," ती ओरडली, "ते हरवायला नाही गेले. स्क्रू आणायला गेलेत!"

त्याचं नेहमीचं हार्डवेअरचं दुकान मोठ्या रस्त्यापलीकडे होतं. आता तिथे औषधाचं दुकान झालं होतं, पण हे त्याला कोण सांगणार? भरधाव गाड्यांमधून हात जोडत जोडत ती पलीकडे पोचली.

तो तिथेच होता. औषधवाला घायकुतीला आला होता. "दोन तास अर्ध्या इंचाचे स्क्रू मागतायत हो. नाहीत म्हटलं तर खाली बसले, आणि नाण्याने माझ्या खुर्चीचे स्क्रू काढले!" नवरा भिंतीशी उभा होता, स्क्रूंवर मूठ घट्ट मिटलेली. खुर्ची बाजूला पांगळी होऊन पडली होती.

"अहो," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे अदबीने बघितलं. ओळख नव्हती. "बाई, जरा वाट सोडा. घरी पेटी खडखडतेय."

घरी आल्यावर तिने पेटी त्याच्यापुढे ठेवली. नणंद कुलपावर हात ठेवून बसली होती. त्याने बोर्ड उलटापालटा करून बघितला. "भोक नाही याला. मग पाडायचं पण नाही. खाच करायची." त्याने लाकडाच्या दोन पट्ट्या कापल्या, त्यांना आतून बारीक खाचा पाडल्या, बोर्ड दोन्ही कडांनी त्यात सरकवला आणि तो मागे सरकू नये म्हणून टोकाला आडवी लाकडी चीप दिली. खुर्चीच्या चार स्क्रूंनी पट्ट्या तळाला आवळल्या. बोर्डाच्या खालचं सोल्डर कुठे टेकू नये एवढंच तिने सांगितलं, आणि त्याने "बरोबर" म्हणून पट्ट्या केसभर उचलल्या. बायकोचा चेहरा विसरलेले हात एकदाही चुकले नाहीत. तिने तुटलेली तार सोल्डर केली. त्याने पेटी कानाशी धरून हलवली. आवाज नाही.

"कुणासाठी आहे?" त्याने विचारलं.

"एक माणूस आहे," ती म्हणाली. "घर विसरतो."

"अरेरे. त्याच्या घरचे घाबरत असतील." आणि त्याने चारही स्क्रू पुन्हा एकदा आवळले.

या वेळी पेटी चौकटीच्या लाकडात बसवली, फळीवर फक्त चुंबक. तिने दार उघडलं. पेटी खणखणीत वाजली.

तो ताडकन उठला. चेहरा पांढराफटक. "बाई, धावा!" तो तिला म्हणाला. "तुमचा माणूस बाहेर पडला वाटतं!"

नणंदेने कुलूप उचलून पर्समध्ये टाकलं आणि तोंडाला पदर लावला. पेटी वाजतच राहिली. पेटीवालीला दार लावायचं सुचेना.