टेबलावरचं प्लास्टिक

आमच्या घरात जेवणाचं टेबल होतं आणि आम्ही सगळे जमिनीवर जेवायचो. हसू नका. शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर काळे होणाऱ्या माझ्या वडिलांनी, आबांनी, ते सागवानी टेबल हौसेनं करून घेतलेलं. दर दिवाळीला लाख आणि स्पिरिटचं पॉलिश स्वतःच्या हातानं द्यायचे, वरनं जाड प्लास्टिक. त्यावर साधा पेला ठेवला तरी आबा फडकं घेऊन हजर. आई म्हणायची, पोरींपेक्षा त्या लाकडाचेच लाड जास्त.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न ठरत आलं. मुलगा मला मनापासनं आवडलेला. गारगोटीची माणसं बोलणी करायला नि जेवायला येणार, म्हणून आबांनी आदल्या दिवशी नवं पॉलिश मारलं. पाहुण्यांच्या हातांचे डाग पडतील या धास्तीनं ते नीट वाळायच्या आतच वर प्लास्टिक अंथरलं.

पंगत खालीच मांडली होती. पण होणाऱ्या सासऱ्यांचे गुडघे धरलेले, त्यांना बसवेना. आबांचा नाइलाज झाला. मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, ताट टेबलावर वाढलं. आग्रह करायचा सोडून आबा फडकं घेऊन शेजारी उभे. तांबड्या रश्श्याचा थेंब सांडला, पुसला. वाटी सरकली, उचलून खालचं पुसलं. भाकरी मोडली की चुरा टिपायला पुढं. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं धरून मी दारात उभी. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. डोळ्यांनी खुणावत होते, पण आबांचं ध्यान टेबलात.

शेवटी मामांनी ताट उचलून मांडीवर घेतलं.

"राहू दे पावणं, मला असंच बरं हाय."

पंगतीतले हात थांबले. घरी आलेल्या पाहुण्यानं ताट मांडीवर घ्यावं? त्यापरीस उपाशी धाडलेलं बरं. माझं लग्न तिथंच मोडलं असं मी धरून चालले. आबांचे कान लालबुंद झाले. त्यांनी फडकं टाकलं आणि प्लास्टिकच ओढलं. ते ओल्या पॉलिशला चिकटलेलं, टरटर आवाज करत निघालं ते पॉलिशचे पापुद्रे घेऊनच. टेबलाला नुसते चट्टे.

"हितं ठेवा ताट," आबा म्हणाले. "चुकलं माझं."

मामांनी ठेवलं. पुढं कुणी रस्सा मागितला नाही.

लग्न मोडलं नाही, हा मामांचा मोठेपणा. आबांनी टेबल घासून पुन्हा पॉलिश केलं, पण प्लास्टिक परत घरात आणलं नाही. आम्ही त्यावरच जेवायला लागलो, डाग पडले तर पडले. लग्नानंतर मामा माझ्यासोबत माहेरी आले की आबा खुर्ची ओढून म्हणायचे, टेबलावर बसा की. मामा हसून नको म्हणायचे आणि भिंतीला धरून, कण्हत, खाली बसायचे. दर खेपेला माझी मान खाली जायची. मग आबा टेबलावरचं आपलं ताट उचलायचे आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसायचे.