कुंडीपाशी ठेवलेला खोका

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही रोह्याजवळ वरसे गावात भाड्याने राहत होतो. कोपऱ्यावर सिमेंटची कचराकुंडी होती. सकाळी आम्ही बायका तिथे बादल्या रिकाम्या करायचो आणि माझा दिवस तिथेच नासायचा.

कारण शेजारच्या वहिनींचा कचरा. त्यांचे यजमान कंपनीत फोरमन. त्यांच्या बादलीत सफरचंदाच्या साली, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, एकदा तर रंगीत टीव्हीचं थर्माकोल. माझ्या बादलीत बोंबलाची डोकी आणि चहाचा चोथा. लोकांना दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा वाटतो, मला कचऱ्याचा वाटायचा. त्यांनी मिक्सरचा खोका कुंडीपाशी, चित्र रस्त्याकडे करून, उभा ठेवला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझं माहेर पेणला, रामवाडीत. भावाचा गणपतींचा कारखाना. मूर्ती भरायला आणलेले रिकामे खोके तिथे माळ्यापर्यंत रचलेले असत. त्यातून मी मिक्सरचाच एक शोधला, वहिनींच्यापेक्षा मोठा, तीन भांड्यांचा. एसटीत तो मांडीवर घेतला. कंडक्टरने मिक्सर जपून धरायला सांगितलं, तेव्हा ताठ झालेली मान रोह्यापर्यंत तशीच राहिली. दुसऱ्या सकाळी वहिनी निघालेल्या पाहूनच मी निघाले, लगबगीने खोका कुंडीपाशी ठेवला. त्यांनी पाहिलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

दुपारी त्या दारात. हातात स्टीलची ताटली, त्यात पेंढा आणि पेंढ्यावर शाडूचा, न रंगवलेला, कान तुटलेला उंदीर. खोका चांगला दिसला म्हणून त्यांनी बरण्या ठेवायला उचलला होता, तर तळाशी पेंढ्यात हा निघाला. देवाचा उंदीर कुंडीत टाकवेना, म्हणून परत आणला.

“मिक्सरबरोबर उंदीर फुकट देतात काय गो?”

मी सगळं सांगून टाकलं. आता संध्याकाळी नळाला पाणी येईपर्यंत ही गोष्ट वरसेभर होणार, असं धरून मी त्यांच्या हसण्याची वाट पाहत उभी राहिले. पण वहिनी उंदराकडेच बघत होत्या.

“तुझा भाऊ बनवतो गणपती? आमच्या नशिबी दरवर्षी दुकानात उरलेला. तुला काय, घरचा कारखाना हाय. निवडून आणत असशील.”

त्या आवाजातली जळजळ मी लगेच ओळखली. वर्षभर मीच ती घरात पाळली होती. वहिनींना बसवलं, चहा दिला आणि भाऊ पहिली मूर्ती निवडायला दरवर्षी मलाच कसा बोलावतो, ते मी सविस्तर सांगितलं. खरं तर तो कधीच बोलावत नव्हता. वहिनींचा चहा कपातच निवला.