एस्तेलामावशीचा पाक

फोन टोनीचा होता. "ममा गेली," एवढंच म्हणाला, आणि पलीकडून नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला... त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. त्याची आई एस्तेला आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. क्यूबातून आलेली, माझ्या आईच्या वयाची, म्हणून मी तिला मावशी म्हणायचे. ब्याऐंशी साली मी लग्न होऊन न्यू जर्सीत आले, तेव्हा माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पार्सिपनीला मराठी घरांत जेवायला गेलं की शिकलेल्या काकू विचारायच्या, "तुझं शिक्षण काय झालंय गं?" आणि मी ताटं उचलायला उठायचे. मावशीनं ते कधी विचारलं नाही. जिन्यात मला रडताना पाहिलं, हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि अंडी फेटायला बसवलं.

ती पानेतेला करायची. अंड्यांचा हलका केक भाजून पूर्ण गार करायचा, मग त्यावर दालचिनी, लिंबाची साल आणि रम घातलेला गरम पाक ओतायचा. माझ्या वाटणीचा पाक बिनारमचा. आमचं दोघींचं इंग्रजी मोडकं, पण पाक दोघींना कळायचा. तीही माझ्या आईसारखीच थेंब दोन बोटांत धरून तार बघायची. मी तो आधी चमच्यात निवू द्यायचे, तर म्हणायची, "मिहा, पाकाला काय घाबरतेस? घाबरायला नवरा आहे ना!" मिहा म्हणजे पोरी.

गेल्या वर्षीच्या थंडीत तिनं उकळत्या पातेल्यातच बोटं घातली. तार बघितली. "अजून थोडा," म्हणाली आणि शांतपणे लिंबू सोलायला लागली. बोटं लालभडक. मी तिचा हात ओढून नळाखाली धरला.

"मावशी, दुखत नाही?"

"काय दुखायचंय?"

तेव्हा माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. टाचेपाशी मोजा ओला, तपकिरी झालेला... मोज्याखाली जखम होती, आणि ती नुकतीच झालेली नव्हती. मावशीनं माझं मनगट धरलं. "टोनीला सांगायचं नाही. माझ्या आईला हाच साखरेचा आजार होता. आधी पाय कापला, मग ती गेली. डॉक्टर एकदा सुरू झाले की थांबत नाहीत."

त्याच संध्याकाळी मी टोनीला सांगितलं. आधी पायाची बोटं गेली, मग पाऊल. मावशी हॉस्पिटलमधून घरी आल्यावरही कित्येक दिवस मी दार वाजवलं की आतला टीव्ही बंद व्हायचा, दार उघडायचं नाही. मग एका दुपारी कुबड्यांवर स्वतःच जिना चढून आली. "चुगलखोर, अंडी आहेत का?" त्यानंतर ती खुर्चीत बसून हुकूम सोडायची, मी पानेतेला करायचे, ती फक्त वास घ्यायची. चेहऱ्यावर सूज चढत होती. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो.

गेल्या रविवारी टोनी आला. चाळिशीचा, आईसारखाच रुंद. चहा मी आमच्या सवयीनं स्टीलच्या पेल्यात दिला, उकळता. मी स्वतः तो पदरात धरून आणला होता. "ममा म्हणायची, वरच्या पोरीनं चुगली केली म्हणून हे एक वर्ष मिळालं," तो सांगत होता. पेला त्यानं अख्ख्या मुठीत धरला होता. हात बदलला नाही, खाली ठेवला नाही... बोलतच राहिला. मी पेला त्याच्या हातातून काढून घेतला. तळवा लाल झाला होता.

"टोनी, उद्या मी तुझ्याबरोबर येते."

"कुठे?"

"डॉक्टरकडे."

"मला काय झालंय?" म्हणून तो हसला आणि त्यानं पुन्हा पेल्याकडे हात नेला. घाईत पदर घ्यायचा राहिला होता, माझी बोटं भाजत होती, पण मी पेला सोडला नाही.