खरं सांगा, मागं किती भरता?

"खरं सांगा, मागं किती भरता?"

गाडी कुणाचीही असो, मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच. विचारताना ते मालकाकडे बघायचेच नाहीत. मागच्या चाकाशी उकिडवे बसून टायर आणि मडगार्डच्या मध्ये वीत धरायचे आणि उत्तराची वाट बघायचे. उत्तर आलं की म्हणायचे, "बरं. आता खरं सांगा." असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

मी लग्नाच्या मांडवांना आणि चिंचोळीच्या कारखान्यांना जनरेटर भाड्यानं देतो. जनरेटर दोनचाकी ट्रॉलीवर आणि ट्रॉली माझ्या एसयूव्हीच्या मागे. ओढून ओढून गाडी मागून इतकी बसली की हेडलाइट रस्ता सोडून झाडांचे शेंडे दाखवू लागले. समोरून येणारे शिव्या घालायचे. म्हणून मी अक्कलकोट रोडवरच्या या मिस्त्रींकडे गेलो.

"मी, बायको आणि थोडी वायर," मी सांगितलं.

मिस्त्रींनी डिकी उघडून वास घेतला. "वायरला डिझेलचा वास येतो व्हय?"

संशय एकतर्फी नव्हता, बरं का. पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, गॅरेजवाले चांगले काढून जुने घालतात असं मी ऐकून होतो. म्हणून आदल्या दिवशीच गाडीखाली शिरून प्रत्येक पाट्याला बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. मिस्त्रींनी खाली टॉर्च मारली, बराच वेळ पाहिलं. "वैनींचा रंग चांगला हाय," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग म्हणाले, पाट्यांना काही झालेलं नाही. जनरेटर ट्रॉलीवर फार पुढे बसवलाय, सगळं वजन हुकावर येतंय. "चार बोटं मागं घ्या. जास्त नको, न्हायतर ट्रॉली शेपूट हलवती. पाटे वाढवून गाडी उंच दिसंल, पण पुढची चाकं हलकीच ऱ्हातील की."

काम नको म्हणणारा मिस्त्री! आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर कोण विश्वास ठेवील? याला जमत नसणार, अशी माझी खात्री झाली. मी दुसरीकडे जाऊन दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला. गाडी ऐटीत उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी मंगळवेढ्याच्या रस्त्यावर एका वळणाला मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. थांबली ती ज्वारीच्या रानात. कुणाला खरचटलंही नाही. पण शेजारी बायको होती, आणि तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून सोसत नाही.

दोघंही मिस्त्रींकडे गेलो. मी मान खाली घालून उभा. त्यांनी मला काही विचारलंच नाही. "वैनी, तुमी सांगा."

तिनं सगळं सांगितलं. डिझेलचे सहा कॅन, दोन बॅटऱ्या, केबलचे ड्रम, आणि माहेरी न्यायची लोणच्याची बरणी, जी मलाही ठाऊक नव्हती.

मिस्त्रींनी वाढवलेले पाटे काढले, कॅन निम्म्यावर आणले, जनरेटर चार बोटं मागे घेतला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

"तुम्ही कुठं?"

"त्या वळणापातूर. माझ्या हातावर तरी तुमी का इस्वास ठेवायचा?"

वळण आलं. गाडी निमूट वळली. आरशात पाहिलं तर मिस्त्री डोळे मिटून, दारावरचा दांडा घट्ट धरून बसले होते. जगात कुणावर भरवसा नसलेल्या या माणसाचा स्वतःवरही नव्हता. त्या क्षणी मला ते फार जवळचे वाटले.

मिस्त्री गेल्या वर्षी वारले. त्यांच्या शेडमध्ये आता मोबाइलचं दुकान आहे. परवा नवी ट्रॉली जोडून घेतली. गॅरेजवाल्यानं गाडीभोवती फेरीही मारली नाही. बॉनेटवर थाप देऊन म्हणाला, "बिनधास्त जावा, मालक."

बायको पुढचं दार उघडत होती. तिला म्हटलं, तू थांब इथंच, चहा घे.

पहिली फेरी मी एकट्यानं मारून आलो.